जावेच्या तोंडून अभ्यास

मला वाचायचा कंटाळा आहे हे मी आधीच सांगून टाकते, नंतर बाहेरून कळण्यापेक्षा बरं. कंटाळा म्हणजे साधासुधा नव्हे. पुस्तकाचं पान उघडलं की डोळ्यांवर अशी झापड येते, की ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी भूल देऊच नये. बालमानसशास्त्राचं पहिलं प्रकरण हातात द्यावं आणि आतडं काढून धुऊन परत बसवावं. मला कळायचं नाही. डी.एड. मी झाले ती मैत्रिणींच्या तोंडून ऐकून ऐकून. तरीही मला शिक्षिका व्हायचं होतं, आणि ते मात्र अगदी खरं. खडूचे हात झटकत वर्गाबाहेर यावं, मागं चाळीस पोरं ‘बाई, बाई’ करत यावीत, एवढंच मागणं. लग्नानंतर सहा वर्षं ते सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली होतं. मधूनच काढून पाहायची. वाचायची नाही, नुसती पाहायची.

भवानी पेठेत आमचं कडक भाकरीचं घर. भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि विस्तवाच्या कडेला उभी करून पापडासारखी कडक करायची. आमच्याकडे दिवसाला इतक्या भाकऱ्या होतात, की सिद्धेश्वराच्या तळ्यावर अंथरल्या तर पाय न भिजवता देवळात जाता येईल. थापायचं काम माझं. भाजायचं काम सासूबाईंचं, ते दोन वर्षांपूर्वी धाकट्या जावेकडे गेलं.

ती आली तीच पुस्तकं घेऊन. रुखवतात भांडी कमी, पुस्तकं जास्त. टेम्पोचा एक टायर आमच्या दारात बसला तो त्या ओझ्यानंच, असं मी अजून सांगते. तीही डी.एड. झालेली, तिलाही नोकरी हवी. चुलीपुढं बसायची, पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवायची आणि एका हातानं भाकरी उलटत मोठ्यानं वाचायची. अडखळणं नाही, जांभई नाही. धार काढायला बसल्यावर गरीब गाय जशी पान्हा सोडते, तसं पुस्तक तिच्यापुढं मोकळं व्हायचं. माझ्यापुढं तेच पुस्तक लाथ मारायचं.

सासूबाई तर गिऱ्हाइकांना सांगायच्या, “आमची धाकटी वाचती बघा. लई वाचती.” मग माझ्याकडे वळून, “तू बी वाच की जरा.”

“माझे हात पिठाचेत, अत्ती.”

“डोळे कुटं पिठाचेत?”

एकदा मी तिचं पुस्तक पिठाच्या डब्यातच पुरलं. तिनं काढलं, झटकलं, पांढऱ्या पानावर फुंकर मारली आणि जिथं राहिलं होतं तिथून पुढं सुरू. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा जळफळाट एवढा, की त्या दिवशी चुलीला लाकडं कमी लागली.

पण हेव्यातही मी डोळस होते. ती वाचायची ते सगळं माझ्या कानात पडायचं. एक थाप, एक वाक्य. थाप, अध्ययनाचा नियम. थाप, मूल्यमापनाचे प्रकार. पात्रता परीक्षेत मला काही आठवेना, तेव्हा मी बाकावर हलकेच भाकरी थापायला लागले आणि उत्तरं भराभर यायला लागली. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, “ताई, तबला नंतर वाजवा.” आम्ही दोघीही पास झालो. तिला जास्त गुण पडले. पास झाल्याचा आनंद मला अर्धा तास टिकला. तिच्या जास्तीच्या गुणांचं दुःख मी वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

मग गेल्या हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका शाळेत एक जागा निघाली. एकच. दोघींचे अर्ज नव्या पेठेतल्या एका दुकानातून भरले. तिच्या मोबाइलची काच फुटून तो बंद पडला होता, म्हणून दोन्ही अर्जांवर माझाच नंबर गेला. लेखी परीक्षेत दोघी निघालो. आता मुलांसमोर पाठ घेऊन दाखवायचा, आणि त्यात जी बरी तिला नोकरी.

एका सकाळी दहाच्या सुमाराला शाळेतून फोन आला. “उद्या सकाळी दहाला या. तिसरीचा वर्ग, वनस्पतीचे अवयव. तुमच्या जावेलाही निरोप द्या.”

“हो हो, लगेच देते,” मी म्हटलं.

माझं लगेच संध्याकाळी दिवे लागल्यावर उजाडलं. दिवसभर मी काय केलं? चटणीच्या मिरच्या उन्हात टाकते म्हणून गच्चीवर गेले, आणि पदराखालून तिसरीचं पुस्तक काढून वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा. झोप यायला लागली की एक मिरची मोडून जिभेला लावायची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण धडा बारा वेळा वाचला. सोळा वेळा म्हणा, कोण मोजतंय. दुपारनंतर खाली तिचा आवाज येईना. घसा बसला असेल, म्हटलं. देवही आज आपल्या बाजूला आहे.

संध्याकाळी मी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! सकाळी शाळेचा फोन आला होता. कामात विसरूनच गेले बघ. उद्याच पाठ आहे, वनस्पतीचे अवयव.”

तिचं तोंड पडेल म्हणून मी बघत राहिले. ती भाकऱ्या रचत म्हणाली, “असू दे की अक्का. बघू, जमेल तसं.”

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर माझा. मागच्या बाकावर संस्थेचे तिघं बसलेले. मी फळ्यावर झाड काढलं आणि सुरू झाले. मूळ, खोड, पान, फूल, फळ. एक शब्द इकडचा तिकडं नाही. एरवी मी साधं दळण आणल्याची गोष्ट सांगितली तर त्यात दोन वाघ आणि एक पोलीस येतो. त्या दिवशी एक मुंगीसुद्धा आली नाही. पुस्तक माझ्या तोंडातून चालत होतं आणि मी त्याच्या मागून.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “बाई, कडब्यात खोड कुठलं आणि पान कुठलं?”

ज्वारीत माझा जन्म गेलेला. माहेरी म्हशींना कडबा मी घालायची. पण मी ते उत्तर डोक्यातल्या त्या बारा वेळा वाचलेल्या पानावर शोधायला गेले, आणि ते तिथं नव्हतं. बोटं टेबलावर थापून पाहिली, पण ही मी कुणाच्या तोंडून थोडीच ऐकलेली गोष्ट? कानात त्याचं काहीच नव्हतं. मी म्हटलं, “मध्ये मध्ये विचारायचं नाही. गप्प बस.”

मुलगी बसली. मागच्या बाकावर एकानं कागदावर काहीतरी लिहिलं.

मग धाकटी जाऊ आली, रिक्षातून. खांद्यावर आमच्या घरातली चादर, आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उंचच उंच. मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिले. तिनं चादर सोडली. आत ज्वारीचं अख्खं ताट, मुळाला माती, वर कणीस. इतकं उंच की वर्गातला पंखा बंद करावा लागला. पोरं बाकांवर चढली. ती फार काही बोललीच नाही. ताट हातोहात फिरवलं. कुणी मुळं मोजली, कुणी पान सोलून खोड शोधलं, एकानं ते चावून ‘गोड आहे, गोड आहे’ असा ओरडा केला. आणि ज्या मुलीला मी गप्प केलं होतं, तिनं उभं राहून कडब्यातलं खोड कुठलं ते सगळ्यांना सांगितलं.

चार दिवसांनी शाळेनं कळवलं. जागा तिला मिळाली.

सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. मला वाटायला लावले, हे विशेष. शेवटचा पेढा तिच्या हातावर ठेवताना माझ्या तोंडून निघालंच, “ताट कुठून आणलंस गं? मी तुला सांगितलं संध्याकाळी, आणि सकाळी ताट हजर?”

ती पेढ्याकडे बघत म्हणाली, “शाळेचा शिपाई दुपारी भाकऱ्या न्यायला आला होता. ‘उद्या दोघी येताय ना’ म्हणाला. तुम्ही मिरच्या घेऊन वर होता. मग मामंजींच्या फोनवरून भावाला सांगितलं, त्यानं गावाकडनं चारच्या एसटीत टाकलं.”

“मग मला बोलली नाहीस ते?”

“तुम्ही बोललात?”

मी पेढ्यांचा रिकामा खोका चेपला. पण जीव स्वस्थ बसेना. “आणि त्या दिवशी वाचलं नाहीस कसं? आवाज नव्हता तुझा.”

“वाचलं की. मनात वाचलं.”

“तुला मनात वाचता येतं?”

ती हसली. “कुणाला येत नाही, अक्का? मोठ्यानं वाचून माझा घसा दुखतो. दोन वर्षं वाचलं ते तुम्ही ऐकता म्हणून. ह्या घरात आले त्याच आठवड्यात कळलं होतं मला, मी थांबले की तुमचा हातही थांबतो.” मग पेढा मोडत, “तो एकच दिवस मनात वाचलं. जागा एकच होती ना.”

तोवर मला तिच्या वाचनाचा हेवा होता, गुणांचा होता, सासूबाईंच्या कौतुकाचा होता. तिच्या मनाचा तेवढा नव्हता. तोही त्या दिवशी येऊन मिळाला, आणि हा सगळ्यांत वाईट. बाकीच्यांना निदान डब्यात पुरता येतं.

आता ती सकाळी पर्स अडकवून जाते, आणि मी थापते. भाजायला सासूबाई परत चुलीपुढं बसल्यात. मध्यंतरी सांगोल्याकडच्या एका शाळेची जाहिरात आली. मी अर्ज भरला, कुणाला न सांगता. पण आमच्या घरात गुपित मऊ भाकरीइतकंही टिकत नाही. त्या संध्याकाळी ती शाळेतून आली, हातपाय धुतले, माझ्यासमोर पाट ओढून बसली. मांडीवर पुस्तक.

“अक्का, वाचू का?”

‘नको’ माझ्या ओठांवर आलं होतं. चांगलं ठसक्यातलं, वर्षभर पुरेल असं. पण लेखी परीक्षा महिन्यावर आली होती, आणि तिला मिळाली तशी नोकरी मलाही हवी होती.

“वाच,” मी पिठाचा गोळा हातात घेत म्हटलं, “पण जरा सावकाश. तुझी लई घाई होते.”