मामाच्या अकरा पायऱ्या

माझ्या मामाला गवंडी म्हटलेलं चालत नाही. गवंडी विटा रचतो, मामा दगड बसवतो. "विटा काय, कोंबडीसुद्धा चोचीनं रचील," असं तो म्हणतो. चाळीस वर्षं त्यानं एकच काम केलं. तो राहतो त्या मोठ्या शहराच्या मधून नदी जाते आणि तिच्या कडेनं दीड कोसाचा जुना फरसबंद रस्ता आहे. कुठल्याशा राजानं बायकोला हवा खायला म्हणून बांधला म्हणतात. बिडाचे दिवे, लोखंडी कठडा, जुनी झाडं, झाडाखाली बाकडी. शहर त्याला नुसतं 'काठ' म्हणतं. संध्याकाळी निम्मं शहर काठावर येतं, हवा खातं आणि दगड झिजवून घरी जातं. झिजलेल्या दगडांचं मामा बघतो. "लोकांच्या टाचांवर माझं पोट आहे," हे त्याचं म्हणणं.

महापालिकेच्या बांधकाम खात्यात त्याला 'ओळंबा' म्हणतात. चालतो सरळ, बोलतो सरळ आणि भिंत तिरकी दिसली की साहेबाच्या तोंडावर सांगतो. त्याचे दोन नियम. एक, दगडाला दोन आयुष्यं असतात. वरची बाजू झिजली की उलटवायचा, खालची कोरी असते. दुसरा, जागेचा दगड जागेवर. काढलेल्या दगडावर खडूनं आकडा घालायचा आणि तो निघाला तिथंच परत बसवायचा. हे दोन्ही नियम त्याला त्याच्या वस्तादानं शिकवले, आणि वस्तादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

काठावरून पाण्याशी उतरायला अकरा पायऱ्या आहेत. पायरी चांगली पुरुषभर लांबीच्या दोन दगडांची. दोघांचा सांधा बरोबर मधोमध आणि बाहेरची टोकं वीत-वीतभर बाजूच्या भिंतींत गेलेली. लोक मधूनच चढणार, मधूनच उतरणार. दोनशे वर्षांत मध्यावर परातीसारखे खड्डे पडले. त्यात एक बाई घसरली, खुबा मोडला आणि खात्यानं ठरवलं, काढा सगळ्या आणि ओता सिमेंट.

बैठकीला मामाला बोलावलं नव्हतं. तो आपणहून जाऊन दारात उभा राहिला.

"उलटवा," तो म्हणाला. "एक नवा दगड लागणार नाही. खालची बाजू कोरी निघाली नाही, तर ही मिशी उतरवून देतो."

मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही बाजूंनी गालाच्या बाहेर डोकावणारी, मामीपेक्षा जुनी. खात्यात नव्यानं आलेल्या इंजिनीअरबाई हसल्या, पण त्यांनी वरिष्ठांशी भांडून सोमवार दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर एक पायरी नीट करून दाखवायची, नाहीतर सिमेंटची गाडी येणार. मामाला निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. एवढं आयुष्य ज्या पायऱ्या राखल्या त्या डोळ्यांदेखत फुटायच्या आणि वर शब्द खोटा पडायचा.

शनिवारी सकाळी मामा, मुंगळा आणि आणखी दोघे पहारी घेऊन भिडले. मुंगळा हा मामाचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. अंगानं काडी, पण पहारीवर लोंबकळला की दगड हलतोच. सगळ्यात वरच्या पायरीचा डावा दगड साखळीनं उचलला, उलटा केला.

खालूनही खड्डा. तसाच, तितकाच.

मुंगळ्यानं खड्ड्यात हात फिरवून बघितला. मग म्हणाला, "ओळंबा, तुमच्याआधी कुणीतरी शहाणा होऊन गेला."

दुसऱ्या पायरीचा काढला, तिसरीचा काढला. सगळ्या उलटवून झालेल्या. मामानं दगड परत होते तसे बसवले, दोरी बांधली आणि घरी गेला.

त्याच दिवशी मी आईला घेऊन मामाकडे पोचलो. आई मामाची थोरली बहीण. वय बाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. मामानं इतकी वर्षं काठाचं गुणगान करून तिचे कान किटवले होते, म्हणून एकदा बघून टाकू, असं तिनं ठरवलं होतं. मामाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शिरता शिरताच मामीनं सगळी कथा आमच्या कानात घातली.

जेवताना आईनं भावाकडे निरखून बघितलं. "मिशी तर दिसतेय."

"सोमवारपर्यंत मुदत आहे," मामा ताटात बघत म्हणाला.

रविवारी सकाळी आई पाठ चोळतच उठली. "वहिनी, पाहुणीला दंड घातलेली चादर? रात्रभर शिवण पाठीला रुतली."

"मी काय करू, वन्सं?" मामी म्हणाली. "तुमचा भाऊ काही टाकू देतो का? मधे विरली, म्हटलं पुसायला घेते. तर म्हणे, कडेला अजून जीव आहे. मग उभी फाडली आणि कडा आत घेऊन शिवली."

पूर्वी घरोघरी असंच करत. कापड मध्ये विरतं, कारण अंग मध्येच पडतं. मग ते उभं कापून कडेला कड जोडायची. चांगलं मध्ये, विरलेलं बाजूला. त्याला दंड घालणं म्हणतात. आईनं उभ्या जन्मात किती दंड घातले याची गणती नाही.

चहा झाल्यावर आई चपला घालून दारात उभी. "चल, दाखव तुझा काठ."

"आज काय बघायचं तिथं? नदी आणि बाकडी."

"इतकी वर्षं फोनवर नदी आणि बाकडीच सांगत होतास? चल मुकाट्यानं."

गेलो. रविवार म्हणून गर्दी होती. बाबागाड्या, कुत्री, पेपर वाचणारे म्हातारे, एका बाकड्यावर चौघांत मिळून एक आइस्क्रीम. आईनं कठड्याला हात लावून बघितला, दिव्याचा खांब ठोकून बघितला. "राजानं खर्च चांगला केलाय," म्हणाली. मामा एरवी पावलापावलाला थांबून फरशीची कुळकथा सांगतो. त्या दिवशी तोंडात गुळणी धरल्यासारखा चालत होता.

पायऱ्यांपाशी दोरी होती. मामा म्हणाला, "खाली नको, ताई. पडशील."

"मग बघायला काय आले?" आई दोरीखालून गेली. गुडघ्यांमुळे तिला आधार लागतो, म्हणून एक हात भिंतीवर ठेवून ती अगदी कडेकडेनं उतरू लागली. एक एक पायरी, तोंडानं मोजत. अकरावीवर पोचून तिनं वर बघितलं.

"काय रे, कुठं झिजल्यात? चांगल्या सपाट आहेत की."

"अगं, कडेला कोण चालतं? मधे बघ, मधे!"

तिनं मधे बघितलं. मग परत कडेला बघितलं. "मधे विरल्या म्हणून अख्ख्या टाकायच्या? तुझ्या बायकोनं टाकली का चादर?"

"चादर आणि दगड एक का?"

"दोन तुकडे, मधे शिवण. मला तर एकच दिसतंय. इकडचा तिकडे घाल, तिकडचा इकडे. भिंतीतली टोकं येतील मधे, झिजलेली जातील भिंतीत."

"तसं चालत नाही, ताई. जागेचा दगड जागेवरच बसतो."

"कुणी सांगितलं?"

"वस्तादानं."

"तुझ्या वस्तादानं जन्मात कधी चादर शिवली होती?"

मामा दोरीखालून खाली आला. तो तिसऱ्या पायरीवर बसला. सांध्यापासून भिंतीपर्यंत त्यानं दगडावरून बोट फिरवलं. मग खिशातून टेप काढला आणि मला म्हणाला, "भाच्या, टोक धर."

बावीस दगड मोजले. भिंतीतलं टोक पहारीनं उकरून उकरून मोजलं. डावा आणि उजवा यांत कुठं दोन बोटांहून जास्त फरक नव्हता. ते होईपर्यंत आई खालच्या पायरीवर बसून नदी बघत होती. "पाणी गढूळच आहे," एवढंच म्हणाली.

दुपारी मुंगळ्याला घरून उठवून आणला. मामानं त्याला सांगितलं तेव्हा मुंगळ्याचा आ वासला. "डाव्याचा उजवा करायचा? आणि हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतोय. पहार धर."

वरची पायरी त्या संध्याकाळी सुटी करून ठेवली आणि सोमवारी उजाडताच दगडांची अदलाबदल केली. भिंतीत लपलेली टोकं दोनशे वर्षांत कुणाच्या पायाखाली आली नव्हती. टाकीचे घाव अजून ताजे दिसत होते. मामानं सांधा घासून जुळवला. खड्ड्याचं टोक भिंतीत गेलं, तिथं चुना भरला. खड्ड्याचा थोडा भाग बाहेर राहिला, त्यातलं पाणी जायला बोटभर पन्हळ काढली.

अकराच्या सुमारास इंजिनीअरबाई आल्या. पायरीच्या मध्यावर उभ्या राहिल्या, टाच आपटली, दोनदा उडी मारली.

"बघा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. उलटवल्यावर कोरी निघाली."

हो म्हणून सुटता आलं असतं. मुंगळा डोळ्यांनी तेच सुचवत होता.

"नाही निघाली," मामा म्हणाला. "कुणीतरी आधीच उलटवून गेलं होतं. मी चुकलो. हे इकडचं तिकडे केलंय."

बाई खाली वाकून सांधा बघू लागल्या. "कुणाच्या डोक्यातून आलं?"

मामानं दोरीपलीकडे बाकड्यावर बसलेल्या आईकडे बोट केलं. "आमच्या ताईच्या. चादरी शिवते."

बाईंनी तिथूनच फोन लावला आणि सिमेंटची गाडी परत पाठवली. पलीकडचा माणूस बराच ओरडत असावा, कारण बाई तीनदा म्हणाल्या, "हो, मी लिहून देते."

त्या संध्याकाळी मामा घरी आला तो मिशी उतरवून. दार उघडून मामी म्हणाली, "कोण पाहिजे?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरे, पायऱ्या वाचल्या की! मग कशाला?"

"मी पायऱ्यांवर पैज लावली नव्हती. कोऱ्या बाजूवर लावली होती," मामा म्हणाला. त्याचा वरचा ओठ पांढराफटक होता, त्या दगडांच्या टोकांसारखा.

अकराही पायऱ्या व्हायला पाच आठवडे लागले. तोवर आम्ही गावी परतलो होतो. मामानं फोनवर मला सांगितलं, की शेवटच्या दगडाचं टोक भिंतीत घालण्याआधी त्यानं त्यावर टाकीनं कोरलं: उलटवून झालं. अदलाबदलही झाली. पुढचं तुम्ही बघा.

"पण ते भिंतीच्या आत," मी म्हणालो. "वाचणार कोण?"

"दगड काढील तो. न काढता बोलणाऱ्यासाठी लिहिलेलंच नाही."

आईला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"माझं नाव घातलंय का?"

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. "उद्या पायरी हलली, तर मलाच बोलावतील."