प्रतिकूल बाजूचा गठ्ठा

आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेत कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी काढून ठरायचं. स्टीलच्या डब्यातून घडी उचलायची. अनुकूल निघालं तर अनुकूल, प्रतिकूल निघालं तर प्रतिकूल. आपल्याला स्वतःला काय वाटतं, हे कोणी विचारत नसे. 'खेड्यातल्या मुलींनी शहरात शिकायला जाऊ नये' या विषयावर माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली होती. बाळापूरजवळच्या गावातून अमरावतीला शिकायला आलेली मी त्या बाजूने दणकून बोलले आणि फिरता चषक घेऊन खाली उतरले. त्याचं मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही.

ही स्पर्धा भरवणारे सर आमचे भूगोलाचे विभागप्रमुख. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पहिल्या वर्षी मी 'मले', 'तुले' बोलले की वर्ग हसायचा. तेव्हा सरांनीच मला माईकसमोर उभं केलं आणि हसणाऱ्यांना खाली बसवलं. त्यांच्यामुळेच मी धीट झाले. पुढे तो धीटपणा त्यांच्याच टेबलासमोर वापरावा लागला.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी प्रकल्प असे. त्यावर विभागप्रमुखांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे, आणि परीक्षा नाही म्हणजे पदवी नाही. ती वर्षं वऱ्हाडातली वाईट वर्षं होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. मुंबईचे पत्रकार गाड्या भरून यायचे, गावात उतरायचे, आणि कोणी ना कोणी विचारायचंच, "हे ग्लोबल वॉर्मिंगमुळे होतंय का?" गावातली माणसं एकमेकांची तोंडं बघायची. म्हणून मी विषय घेतला: जागतिक तापमानवाढीचा वाद. सर खूश झाले. "लायब्ररीत काही मिळणार नाही, इंटरनेटवरून घे," म्हणाले. "आणि लक्षात ठेव, दोन्ही बाजू समान आल्या पाहिजेत."

गाडगेनगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर सायबर कॅफे होता. चालवणारे गृहस्थ अचलपूरचे मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणत. विषय ऐकून ते हसतच सुटले.

"अकोला जिल्ह्याची पोरगी अन् गरमीवर रिसर्च? बेटा, तुमाले तं ते जन्मतःच भेटते! मे महिन्यात घरी जाय, गच्चीवर पापड ठेव, झाला प्रकल्प."

"चाचा, इंग्रजीतून पाहिजे."

"मंग पापडाले इंग्रजी शिकव."

भारनियमनामुळे लाईट कधी जाईल याचा नेम नसे. पान उघडायलाच इतका वेळ लागायचा की तिथे बसून वाचणं परवडत नव्हतं. म्हणून आम्हा सगळ्यांची एकच पद्धत होती: दिसेल ते छापून घ्यायचं आणि होस्टेलवर नेऊन वाचायचं. मी वर्षानुवर्षांच्या सवयीने दोन गठ्ठे केले. मथळा पाहायचा आणि पान गठ्ठ्यात टाकायचं. तापमान वाढतंय म्हणणारी पानं अनुकूल. हे सगळं थोतांड आहे म्हणणारी प्रतिकूल. प्रतिकूल गठ्ठा भराभर वाढला आणि दुसऱ्यापेक्षा चांगलाच जाड झाला.

माझी खोलीतली मैत्रीण चांदूर बाजारची, कॉमर्सची. तिचं इंग्रजी माझ्याहून बरं होतं. एका रविवारी दुपारी ती पलंगावर पडून मोठ्याने वाचत होती आणि मी डिक्शनरी घेऊन खाली बसले होते.

"प्रतिकूल जिंकून राहिलं पाह्य," मी म्हणाले.

ती वाचता वाचता थांबली. "काहून वं, हे तं मघाशी वाचलं ना आपण?"

"ते दुसऱ्या साईटचं होतं."

"साईट दुसरी असंल, वाक्य तेच हाय. ते हिमयुगाचं. अन् पुढचंही तेच."

आम्ही सगळी पानं फरशीवर पसरली. पंखा बंद केला, नाहीतर उडाली असती. घामाने निथळत एकेक पान जुळवत गेलो. कुठे मथळा बदललेला, कुठे खाली दुसऱ्याच माणसाचं नाव, कुठे परिच्छेद पुढेमागे. मजकूर मात्र एकच होता. माझा तो जाडजूड गठ्ठा म्हणजे एकाच लेखाच्या नकला होत्या.

मैत्रीण फरशीवर बसून पोट धरून हसायला लागली. "एका म्हशीचं दूध गावभर गेलं, तं गावात तेवढ्या म्हशी झाल्या काय वं?"

मला हसू आलं नाही. मला राग आला, आधी त्या पानांचा आणि मग माझ्या गठ्ठ्यांचा. मी चार भिंतींच्या आत जगभरातला वाद गोळा केला होता, आणि त्यातलं एकही पान खऱ्या अर्थाने वाचलं नव्हतं. जणू ते लिहिणाऱ्या सगळ्यांनीही डब्यातून चिठ्ठ्या उचलल्यात आणि मला आता नुसते गुण द्यायचे आहेत.

मग मी पुन्हा कॅफेत जाऊन बसले. आता छापण्याआधी मी एकच बघत होते: हे पहिल्यांदा कोणी म्हटलं, आणि त्याने काय मोजून म्हटलं? त्या नकलांचा माग काढत मूळ लेखापर्यंत गेले. त्यात जोर भरपूर होता. कुठे मोजलं, कशाने मोजलं, याचा पत्ता नव्हता. अनुकूल गठ्ठाही तसाच चाळला आणि त्यातलीही बरीच पानं गेली. सगळी शहरं आता बुडणारच असं छाती बडवून सांगणारी पानं तितकीच पोकळ निघाली. शेवटी उरले ते लोक शांत होते. काय मोजलं ते सांगत, आपलं कुठे चुकू शकतं तेही सांगत. ते एकमेकांशी भांडतही होते. तापमान किती वेगाने वाढेल, पाऊस कुठे किती बदलेल, यावर त्यांचं पटत नव्हतं. पण पृथ्वी तापते आहे आणि माणसाने तापवली आहे, यावर त्यांचं भांडण नव्हतं.

मी तेच लिहिलं, आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष दिला की दुसरी बाजू समान नाही. त्याच पानावर आणखी दोन गोष्टी घातल्या. ज्या गावात अर्धा दिवस लाईट नसते, त्या गावाने पृथ्वी कितीशी तापवली, हे विचारलं. आणि हेही लिहिलं की वऱ्हाडात जे चाललंय त्याचं सगळं खापर हवेवर फोडता येणार नाही. कापसाचा भाव ढग ठरवत नाहीत. हवेवर ढकललं की माणसं सुटतात.

सरांनी शेवटचं पान दोनदा वाचलं.

"'दुसरी बाजू समान नाही.' हे कोण ठरवणार? तू?"

"सर, मी मूळ शोधलं. तो एकच लेख आहे."

"अगं, जगातली मोठमोठी माणसं वाद घालतायत, आणि बाळापूरची मुलगी निकाल देणार?"

"वाद आहे, सर. पण तुम्ही लिहायला सांगताय तो नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "हे शेवटचं पान काढ. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असं लिही. मी आत्ता सही करतो."

कोणत्याही शिक्षकाला मी तोवर नाही म्हटलं नव्हतं.

"नाही काढणार, सर."

त्यांनी टोपण लावलं.

त्याच आठवड्यात बाबा बडनेऱ्याला नातेवाइकांकडे आले होते. परतताना ते पिठाची पिशवी द्यायला अमरावतीच्या एसटी स्टँडवर थांबले. मी सगळं सांगितलं.

"एका पानाचा सवाल हाय नं, माय? काढून टाक. आपल्या घरात पहिली पदवी येऊन राहिली."

"बाबा, ते खोटं आहे."

"दोघाईचं थोडं थोडं खरं, असं लिहा म्हणते नं सर? त्यात काय खोटं?"

"तेच खोटं आहे."

बाबांनी पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं ते माझ्या बाजूने बोलतील. ते बोलले नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. अकोल्याची गाडी लागली. खिडकीतून त्यांनी एवढंच म्हटलं, "परीक्षेले बसजो मात्र."

मी पान काढलं नाही. प्रकल्प आहे तसाच बांधून घेतला आणि सह्यांच्या शेवटच्या दिवशी पुन्हा सरांच्या टेबलावर ठेवला. मी तिथेच उभी राहिले. बाहेर बाकीची मुलं ताटकळत होती. सरांनी शेवटचं पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग सही केली. सहीखाली लाल शाईने लिहिलं: यातील मते विद्यार्थिनीची स्वतःची आहेत, विभाग त्यांच्याशी सहमत नाही.

मैत्रिणीला वाटलं, झालं, आता बाहेरून येणारे परीक्षक हिला सोलणार. मी ते वाक्य वाचत जिना उतरले आणि मला ते शिक्षेसारखं वाटलंच नाही. तीन वर्षं मी चिठ्ठीत निघालेली मतं बोलत होते.

परीक्षकांनी पहिलं तेच वाक्य वाचलं.

"मतं तुझी स्वतःची?"

"हो."

"म्हणजे तुझ्या सरांची नाहीत?"

सर शेजारीच बसले होते, खिडकीबाहेर बघत. "नाहीत," मी म्हणाले.

"मग दुसऱ्या बाजूला इतके लोक बोलतात, त्यांचं काय?"

"तोंडं खूप आहेत, सर. बोलणारा एकच आहे. पानं आणली आहेत, दाखवू?"

त्यांनी हात पुढे केला. मी नकला टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि सारखी वाक्यं बोटाने दाखवत गेले. थोड्या वेळाने सरही वाकून बघायला लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. परीक्षकांनी अजून दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही, आणि येत नाही असं मी सांगितलं.

बाहेर मैत्रीण उभी होती.

"किती देतील वं?"

"काय माहीत. पान तेवढं शाबूत आहे."