कारखान्याने कधीच न विकलेलं रिव्हॉल्व्हर

एल्डन क्रमराइनने पहिल्यांदा डोळे वर करून पाहिलं, तेव्हा बर्ट लॅशची निम्मी मिशी जागच्या जागी पिकली, थर्मासमधली कॉफी गोठली आणि पलीकडच्या गोठ्यातल्या तीन बक्षीसवाल्या गाई आटल्या. निदान बर्ट तरी तसंच सांगतो. त्याचा गुन्हा एवढाच, की ओहायोतल्या त्या जत्रेच्या मैदानावर बंदुकांच्या बाजारात त्याला एल्डनच्या शेजारचं टेबल मिळालं होतं आणि त्यावर त्याने एक जुनं रिव्हॉल्व्हर घासूनपुसून लखलखीत करून मांडलं होतं.

"हे कुणी घासलं?"

"मीच की. दोन दिवस लागले."

"शाबास! शंभर वर्षांचं वय दोन दिवसांत धुऊन काढलंस. आता दार अडवायला वापर."

त्यानंतर अकरा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बर्ट त्या तुच्छतेच्या शेजारी बसला. एल्डनची हयात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेली होती, पण तोरा असा की जणू तोफा ओतूनच निवृत्त झाला आहे. विकत घेणारे त्याच्या मते अडाणी, न घेणारे भिकारी आणि भिंगातून पाहणारे आंधळे. साठी उलटली तरी चष्मा त्याने नाकावर चढू दिला नव्हता.

या सगळ्या ऐटीच्या बुडाशी एकच वस्तू होती. फार पूर्वी बंद पडलेल्या एका कारखान्याने नव्या धर्तीचं रिव्हॉल्व्हर काढायचं ठरवलं, हाताने एकच नमुना बनवला आणि मालकांनी तो नापसंत केला. तो नमुना आपल्याकडे आहे, असं एल्डनचं म्हणणं. कारागिराच्या विधवेकडून त्याने तो गवत कापायच्या यंत्राच्या बदल्यात आणला होता. त्यावर कारखान्याचा नंबर नाही, काळी झिलई नाही, कानशीचे घाव तसेच उघडे. मखमलीवर तो ठेवून शेजारी पुठ्ठा लावलेला असे : 'विक्रीस आहे. तुमच्यासाठी नाही.'

लोक पाहत आणि म्हणत, "कुठल्यातरी लोहाराचा उद्योग दिसतोय." एल्डन हसून सोडून देई, पण ते त्याला झोंबे. त्याला एकाच माणसाकडून 'अस्सल' हा शब्द ऐकायचा होता : कनेक्टिकटचे थेरन व्हिटकम. संग्राहकांत त्यांचा शब्द शेवटचा आणि त्या कारखान्याची जुनी वही त्यांच्याच कपाटात. एल्डनने त्यांना सतरा पत्रं लिहिली. अखेर एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या वसंतात व्हिटकम स्वतः आले, पांढरे सुती हातमोजे चढवत.

"बघ, हातमोजे!" एल्डन बर्टच्या कानात म्हणाला. "रिव्हॉल्व्हर बघायला आलाय की बाळंतपण करायला?"

व्हिटकमनी नळी पाहिली, चक्र फिरवलं, मान हलवली. "कानशीचं काम हातचं आहे. चक्र उजवीकडे उघडतं, वहीतही तसंच आहे."

"ऐकलंस ना, बर्ट? की कानही घासून घेतलेस?"

"आता एकच राहिलं," व्हिटकम खिशातून स्वतःचा पेचकस काढत म्हणाले. "मुठीच्या लाकडाखाली, पोलादावर, कारागिराने सुईने स्वतःची आद्याक्षरं आणि तारीख कोरल्याची नोंद आहे. ती दिसली, की मी आत्ता, इथेच लिहून देतो."

लाकूड निघालं. खाली नऊ आकडे होते, खोल, वाकडेतिकडे, कोंबडीने उकिरडा उकरावा तसे.

"हा कसला नंबर?"

"माझा! सरकारी पेन्शनचा," एल्डन अभिमानाने म्हणाला. "यंदा हिवाळ्यात चोऱ्या वाढल्या ना, तेव्हा चोरीचा माल ओळखता यावा म्हणून पोलीस कचेरीतून कोरायची विजेची पेन्सिल उसनी मिळत होती. गाढवांनी टीव्हीवर नंबर कोरले. मी यावर कोरला. या मैदानात सगळे एकजात चोर आहेत, साहेब."

"आणि इथे आधी काही नव्हतं?"

"छे! चार ओरखडे होते. ते आधी घासून काढले, आकडे नीट उठावेत म्हणून."

बोलता बोलताच त्याने रिव्हॉल्व्हर व्हिटकमच्या हातून ओढून डोळ्यांजवळ नेलं. बर्टकडे अकरा वर्षं साठवलेली वाक्यं होती, एकाहून एक जहरी. त्याने तोंड उघडलंही, पण एल्डन डोळे बारीक करून त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत होता, आंधळा वाचतो तसा. बर्ट उगाच आपल्या टेबलावरच्या काडतुसांच्या पेट्या सरळ करत बसला.

व्हिटकमनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. "असेलही. नसेलही. मला सांगता येणार नाही."

"हातमोजेवाल्याला काय डोंबल कळतंय," एल्डन म्हणाला. पण ते गेल्यावर.

पुढच्या हिवाळ्यात तो नमुना एल्डनच्या सामानाच्या लिलावात 'घरगुती बनावट, मालकाचा नंबर कोरलेला' म्हणून मासेमारीच्या गळांसोबत एकाच गठ्ठ्यात गेला. एल्डनच्या टेबलावर आता एक बाई वाळवलेलं मांस विकते.