रिकाम्या जागेचा ताप

त्या दुपारी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत आमच्या विभागप्रमुख कुलकर्णी मॅडम आणि मी, त्यांची लॅब असिस्टंट, अशा दोघीच होतो. वीस यंत्रांवर मुलांचे वर्षभराचे प्रकल्प होते. पहिल्या यंत्रावर मी लिनक्सचा तापमान दाखवणारा आदेश दिला. प्रोसेसर एक्केचाळीस अंश होता. पण खालच्या ओळीत एकशे सत्तावीस अंश आणि शेजारी धोक्याची सूचना.

मॅडमनी घाबरत यंत्राच्या डब्यावर हात ठेवला. "अगं, हा तर गार आहे!"

"त्या ओळीला सेन्सर जोडलेलाच नाही, मॅडम. चिप रिकाम्या जागेचंही तापमान सांगते."

"म्हणजे तिथे कोणी नाही, तरी ताप आहे?"

मी हसले, पण मनात आलं, जे नाहीच ते असं ओरडत असेल, तर जे खरंच पेटलंय ते काय करत असेल?

शेजारच्या यंत्रावर अडतीस अंश होते. सकाळपासून त्यावर एक जड प्रोग्राम चालू होता, तरी मी बघत राहिले तेवढा वेळ आकडा तसूभरही हलला नाही. हात लावला तर चटकाच बसला. मी घाईघाईने ते बंद केलं. आतला पंखा थांबलेला होता आणि सेन्सर कधीचा बिघडलेला. डिस्क काढून तपासली. मुलांचं काम वाचलं होतं.

उरलेली अठरा यंत्रं शांतपणे घरघरत होती. सगळ्यांचे आकडे चांगले होते.  मॅडम उठल्या आणि एकेका डब्यावर तळहात टेकवत पुढे सरकू लागल्या.