एक्केचाळीस भोकांची वजाबाकी

संस्थेत त्यांना सगळे टेपताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

ध्रुवाजवळच्या एका उपसागरात हिवाळ्यात समुद्र गोठतो. त्या बर्फाची जाडी दर वर्षी एकाच आठवड्यात, एकाच सरळ रेषेत एक्केचाळीस भोकं पाडून मोजायची, हा त्या संस्थेचा एकतीस वर्षांचा नेम. पहिले तीन हंगाम टेपताई स्वतः तिथे जाऊन आल्या. मग मुलगी झाली, आणि त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कायमच्या स्थिरावल्या. तरुण मंडळी बर्फावर जात, नाकं सोलवटून परत येत, आणि आपापल्या वह्या त्यांच्या टेबलावर आणून ठेवत. वह्यांमधले आकडे मोठ्या रजिस्टरात चढवायचे, एवढंच टेपताईंचं काम. पण त्या एवढ्याशा कामाचा दरारा असा, की भलेभले डॉक्टरेटवाले त्यांच्यासमोर वही उघडताना घसा खाकरत.

"हा एक आहे का नऊ?" त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या.

"एक, ताई."

"मग शेपटी कशाला काढलीस एवढी? तुझ्या या शेपटीपायी समुद्र आठ सेंटीमीटर जाड झाला असता."

मोजायची रीत साधी. ड्रिलने मनगटाएवढं भोक पाडायचं. टेपच्या टोकाला पितळेची छोटी पट्टी असते, ती उभी करून खाली सोडायची. खालच्या पाण्यात ती आडवी होते आणि टेप ओढला की बर्फाच्या पोटाला जाऊन अडकते. मग वर आकडा वाचायचा. मात्र वाचण्याआधी भोकाभोवतीचं हिम बुटाने बाजूला सारायचं, खालचा कडक बर्फ उघडा करायचा आणि तिथे टेप वाचायचा. "बर्फ समुद्राचा, हिम आभाळातलं," टेपताई प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "आपण समुद्राचं मोजतोय. आभाळाचं त्यात घालू नका."

त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. निवृत्तीच्याच दिवशी एकतीस वर्षांचा मोठा अहवालही बाहेर पडायचा होता. संस्थाप्रमुख असलेल्या सरांनी दोन्ही गोष्टी मुद्दाम जुळवून आणल्या होत्या. सर टेपताईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, स्वभावाने भिडस्त, पण या अहवालापायी त्यांची झोप उडाली होती. मुखपृष्ठावर एकच ओळ मोठ्या अक्षरांत यायची होती: पहिल्या हंगामापासून बर्फ ब्याऐंशी सेंटीमीटरने पातळ झाला. आणि त्याखाली टेपताईंचा पहिल्या हंगामातला फोटो.

तो फोटो सरांनी कुठल्याशा जुन्या खोक्यातून शोधून काढला आणि स्वतः त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. टोपीतून बटा बाहेर आलेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी भोकापाशी गुडघे टेकून बसली होती. हातात टेप. आजूबाजूचे सगळे जमले. "ताई, तुम्ही असं हसायचात?" कुणीतरी म्हणालं. "मग आम्हालाच का नाही कधी दाखवलंत?" सगळे हसले, टेपताईही हसल्या.

मग त्यांची नजर फोटोतल्या आपल्याच हातावर गेली. हातमोजा घातलेला हात जाड, पांढऱ्या, भुसभुशीत हिमावर टेकला होता. भोकाभोवती काहीही सारलेलं नव्हतं. फोटोतली मुलगी हिमाच्या माथ्यावर टेप वाचत होती.

मंडळी पांगली तसं त्यांनी कपाट उघडलं. पहिल्या हंगामाच्या वहीचा कापडी कणा सुटला होता, शिसपेन्सिलीचे आकडे मात्र शाबूत होते. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात टेपवर वाचलेला आकडा. दुसऱ्यात काठीने मोजलेली हिमाची उंची. तिसऱ्याच्या डोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'बाकी'. आणि तो रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रिकामा होता.

सगळं आठवलं. त्या वर्षी वारा इतका होता, की हिम सारलं की क्षणात परत येऊन बसायचं. तेव्हाचे मोठे सर ओरडून म्हणाले होते, "वरूनच वाच! हिम वेगळं मोजून ठेव, वजाबाकी घरी जाऊन करू." घरी आल्यावर वही कपाटात गेली. रजिस्टर सुरू झालं ते तिसऱ्या वर्षी, आणि ते त्यांनीच सुरू केलं. तोवर हिम सारून वाचायची सवय हाडीमाशी खिळली होती. वहीतला पहिला आकडा म्हणजे बर्फ, दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. त्यांनी पहिला रकाना जसाच्या तसा उतरवून काढला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शेपट्या तपासणाऱ्या बाईने आपल्या स्वतःच्या वहीत आभाळ समुद्रात मिसळून ठेवलं होतं.

त्यांनी ढोबळ हिशेब केला. हिम सरासरी सत्तावीस सेंटीमीटर. म्हणजे ब्याऐंशी नव्हे, पंचावन्न.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. यजमान जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून कवळीचा साचा घासत होते. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा, आणि घरभर पांढरी भुकटी पसरवणं हा छंद. टेपताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं.

"कुणाला कळेल का?" त्यांनी विचारलं.

"वही माझ्याच कपाटात असते. दुसरं कोण उघडतंय?"

"म्हणजे नाही कळणार."

"नाही."

यजमानांनी साच्यावरची भुकटी फुंकली. "मागे एक म्हातारबाबा आले होते. कवळी टोचते म्हणून. मी बघितलं, माझीच चूक. अर्धा मिलिमीटर. त्यांना म्हटलं, तुमची हिरडी सुजली असेल, आठ दिवस थांबा." त्यांनी साचा खाली ठेवला. "आठ दिवस मलाच जेवण गोड लागलं नाही बघ."

तेवढ्यात दार ढकलून धाकटे दीर आत आले. दर सुट्टीला यायचे, जेवायच्या आधी एकदा वहिनींची खोडी काढायचे. "काय वहिनी, वितळला का सगळा? का आमच्यासाठी सरबतापुरता ठेवलाय?"

एरवी टेपताई चोख उत्तर द्यायच्या. आज नुसत्या ताट मांडत राहिल्या. दीर खुर्चीत बसले. "खरं सांगू? तुमची ती मंडळी आकडे फुगवतात. घाबरवल्याशिवाय त्यांचं चालत नाही. तुमच्याबद्दल नाही म्हणत हं मी."

टेपताईंच्या मनात आलं, याच माणसाच्या हातात आता आपण कोलीत द्यायचं. आणि असे दीर घरोघरी असणार. सत्तावीस सेंटीमीटर मागे घेतले, की उरलेल्या पंचावन्नांवर कोण विश्वास ठेवणार? सरांची एवढी वर्षं, त्या सोललेल्या नाकांची मेहनत, सगळं आपल्या एका रिकाम्या रकान्यापायी हसण्यावारी जाणार. गप्प बसलं तर बर्फाचं काही बिघडत नव्हतं. तो पातळ होतच होता. हा विचार त्यांना इतका पटला, की त्याचीच त्यांना भीती वाटली.

सोमवारी त्या वही घेऊन सरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी वही चाळली, मिटली, परत उघडली.

"ताई, मुखपृष्ठ छापायला गेलंय."

"हो."

"तीन आठवडे आधी नाही का सापडलं हे?"

"तीस वर्षं आधी सापडायला हवं होतं, सर."

सर उठून खिडकीशी गेले.  पाठमोरेच म्हणाले, "वरून वाचायला मोठ्या सरांनीच सांगितलं होतं ना? ते आता नाहीत. तसं लिहिता येईल. खोटं होणार नाही."

"वाचायला त्यांनी सांगितलं. वजाबाकी माझ्याकडे होती," टेपताई म्हणाल्या. "त्यांना मध्ये आणू नका."

सर वळले. रागावले होते हे दिसतच होतं, पण कुणावर ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी छापखान्याला फोन लावला, "थांबवा," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "चला. मी वाचतो, तुम्ही वजा करा. परत एकट्याने नको."

टेपताईंना हसूही आलं आणि डोळेही भरले. त्या समोर बसल्या.

सर एकेक भोक वाचत गेले. "दोनशे आठ, हिम बावीस." "एकशे शहाऐंशी." "दोनशे एकोणीस, हिम एकतीस." "एकशे अठ्ठ्याऐंशी." इतक्या वर्षांनी 'बाकी'चा रकाना भरत चालला. एकोणचाळिसाव्या भोकाशी सर अडखळले.

"इथे हिम नाही लिहिलेलं. शेवटच्या तिन्हींना नाही."

"काठी मोडली होती. वाऱ्यात."

"मग सरासरी धरू. सत्तावीस. एवढ्याने काही फरक पडत नाही."

"पडत नाही," टेपताईंनी मान्य केलं. "पण मोजलेलं नाही ना."

 त्या तिन्ही ओळींवर टेपताईंनी पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारली. उरली अडतीस भोकं. त्यांची सरासरी एकशे पंचाऐंशी. यंदाची एकशे तीस. फरक पंचावन्न.

अहवाल दहा दिवस उशिरा निघाला. पहिल्याच पानावर दुरुस्तीची टीप होती: जुना आकडा, नवा आकडा, चूक कशी झाली, कुणी केली, आणि कोणती तीन भोकं का गाळली. खाली टेपताईंचं पूर्ण नाव. एकतीस वर्षांत संस्थेने कितीतरी अहवाल काढले, पण वह्या उतरवणाऱ्यांची नावं छापायची पद्धत नव्हती. छापील पानावर त्यांचं नाव आलं ते हे पहिलंच. एका वर्तमानपत्राने बातमी दिली, 'बर्फ मोजण्यात घोळ', आणि टेपताई दोन दिवस दूध आणायलाही बाहेर पडल्या नाहीत. यजमानच जाऊन आले.

सुट्टीच्या दिवशी दीर आले, हातात ते वर्तमानपत्र. टेपताईंनी अहवालच त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून टीप वाचली, मग पान उलटून मागची-पुढची पानंही वाचली. यजमान आतून दोनदा जेवायला हाक मारून गेले.

"वहिनी," दीर शेवटी म्हणाले, "हे तुम्ही आपणहून सांगितलंत?"

"मग काय बर्फ येऊन सांगणार होता?"

ते हसले नाहीत. बोट अजून त्या ओळीवरच होतं. "ही तीन भोकं सोडलीत. सरासरी टाकली असती तर कुणी विचारलंही नसतं. आणि हे पंचावन्न... हे हिम वगळूनच ना? म्हणजे तेवढा नक्की गेलाय?"

"गेलाय."

"कसं मोजता हो ते? त्या टेपला खाली काय असतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. टेपताईंनी टेबलावरची भुकटी हाताने बाजूला सारली, पेन्सिल घेतली आणि त्यांच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भोकाचं चित्र काढायला लागल्या.