आधी चाखणारा साहेब

फौजेतून कॅप्टन म्हणून बाहेर पडलो तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या. माणसांना उभं करणं आणि माणसांना बसवणं. आमच्या शहराच्या सदर भागातल्या एका मर्चंट बँकिंग कंपनीला एवढं शिक्षण पुरेसं वाटलं. नव्या कंपन्यांचे शेअर लोकांच्या गळ्यात मारायचे, हा आमचा धंदा. मुंबईहून आलेल्या साहेबांनी मुलाखतीत माझ्या मिशा तेवढ्या नीट पाहिल्या.

"लोकांचा दलालावर विश्वास नसतो कॅप्टन, फौजीवर असतो."

सभेत मी ब्लेझर घालून फौजेचा एखादा किस्सा सांगायचा, आणि टाळ्या पडल्या की साहेबांनी अर्ज वाटायचे. कारखान्याबद्दल मी बोलायचं नाही, कारण मला त्यातलं कळत नाही. साहेबांनाही कळत नव्हतं, पण ते मुंबईचे होते.

एका कागद गिरणीच्या सभेला माझे सख्खे मामा पहिल्या रांगेत येऊन बसले. संत्रा विकून पोरीच्या लग्नासाठी साठवलेला पैसा पिशवीत घालून आणला होता. भाचाच स्टेजवर म्हटल्यावर चौकशी कशाला करायची? गिरणीची जागा मी पाहून आलो होतो. तिथे कुंपण, फाटक आणि चरणाऱ्या शेळ्या होत्या.

"कारखाना आधीच उभा असता तर आपली गरज काय होती?" साहेब म्हणाले होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला होता.

तरी उठलो आणि ठरलेला किस्सा सांगितला. जवानांच्या लंगरमध्ये जेवण वाढण्याआधी ऑफिसर स्वतः चाखून पाहतो, त्याशिवाय पंगत बसत नाही. टाळ्या पडल्या. मामा उभे राहिले.

"मंग हे तू चाखलं काय गा?"

"अर्थातच!" साहेब घाईने म्हणाले.

"तुमाले नाही, त्याले विचारून राहिलो."

"नाही मामा. मी एक पैसाही लावला नाही."

मामांनी पिशवी काखोटीला मारली. त्यांच्यामागे अर्धा हॉल उठला. जाताना समोसा मात्र कोणी सोडला नाही.

माझी नोकरी गेली नाही. शेअर मुंबईतच हातोहात खपले आणि बाजारात येताच भाव दुप्पट झाला. मला सभांतून काढून टेबलावर बसवलं, एवढंच.

पुढच्या कंपनीच्या वेळी मामा ऑफिसात आले आणि तीच पिशवी थेट साहेबांसमोर ठेवली. मी धावलो.

"मामा, थांबा. या कंपनीचं तर फाटकही नाही. बहिणीच्या लग्नाचा पैसा आहे हो!"

"तू राहू दे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तुयापाई माहं दुपटीचं नुकसान झालं."

साहेबांनी मामांचा अर्ज मलाच भरायला दिला. मी भरला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सहीसाठी माझं पेन पुढे केलं, तर मामांनी ते बाजूला सारलं आणि साहेबांचं मागून घेतलं.