शेवटच्या बराकीतलं मंत्रिमंडळ

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! एका बराकीत चार मोठी माणसं आणि तीन डझन पोरं कोंडली की ते आपोआप साचतात. मी त्या शाळेत मोजून पाच वर्षं होतो, पण अजून चहाला बसलो की बायको म्हणते, "झालं, उघडली यांची शाळा!" उघडली तर उघडली. ऐका.

लढाई संपून मिलिटरी गेली होती आणि कॅम्पातल्या रिकाम्या बराकींत सिंधहून आलेली कुटुंबं राहत होती. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवंकोरं. अंबरनाथच्या बाजूची अगदी शेवटची बराक म्हणजे आमची सरकारी प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, आणि मध्ये एकही भिंत नाही!

मंत्रिमंडळ असं. हेडमास्तर दामले गुरुजी, काळी टोपी, धोतर आणि खणखणीत आवाज. चौथी त्यांच्याकडे. दुसरी-तिसरीला मोटवानीबाई, कराचीहून आलेल्या, गुरुजींना 'साईं' म्हणणाऱ्या. शिपाई गणू, झाडू आणि शाळेची घंटा सांभाळणारा, चामटोली गावचा, चाळिशीचा, मिशी भरघोस. आणि पहिलीला मी, नुकता ट्रेनिंग करून आलेलो, म्हणजे स्वतःला फार शहाणा समजणारा.

मी रुजू झालो आणि महिन्याभरात वरून कागद आला. पुढच्या तपासणीला पट चाळीसच्या खाली दिसला, तर शाळा बंद, पोरं रुळांपलीकडच्या मोठ्या शाळेत! चौदा मुलींच्या आईबापांनी सरळ सांगितलं, "रूळ ओलांडून पोरगी पाठवणार नाही." म्हणजे त्या कायमच्या घरी बसणार. गुरुजींनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. पट होता सदतीस.

*

भिंत नसल्याची मजा सांगतो. एकदा गुरुजींनी चौथीला विचारलं, "बारा सत्ते?"

कुणी आढ्याकडे बघतंय, कुणी अंगठ्याकडे. तेवढ्यात दुसरीच्या बाजूनं एक किनरा आवाज आला, "चौऱ्याऐंशी!"

"बारा आठे?"

"शहाण्णव!" पुन्हा दुसरीच!

गुरुजी तरातरा मोटवानीबाईंकडे गेले. मला वाटलं, आता शाबासकी देणार. ते हात जोडून म्हणाले, "बाई, जरा हळू शिकवा हो. माझ्या चौथीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही!"

*

मोटवानीबाईंचं मराठी पोरांनी शिकवलेलं, त्यामुळे ते अस्सल होतं. त्यात शिव्याही होत्या, पण त्या शिव्या आहेत हे बाईंना दोन वर्षं कुणी सांगितलं नाही.

एक दिवस गुरुजी दुसरीच्या वह्या बघायला बसले. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. दुसरी वही घेतली, तीही कोरी! टोपी काढून टेबलावर आपटली. "बाई! चार महिने झाले, पोरांनी एक अक्षर लिहिलं नाही?"

बाई गोंधळल्या. मग शांतपणे वही पालथी करून मागून उघडली. सुंदर अक्षर, पानंच्या पानं भरलेली! बाईंची सिंधी उजवीकडून डावीकडे जाणारी, त्यामुळे वही मागून उघडायची सवय. पोरांनी बाईंचं बघितलं आणि तीच रीत उचलली.

"साईं, हाताला आदत आहे, मी काय करू?" बाई रडवेल्या झाल्या.

गुरुजींनी सगळ्या वह्या मागून पुढे तपासल्या. वर मलाच म्हणाले, "बघा मास्तर, असं अक्षर पाहिजे. तुमच्या पोरांच्या वह्या समोरून उघडतात, पण आत काय असतं?"

*

लावणीच्या दिवसांत पोरं गायब व्हायची. गुरुजी म्हणाले, "चला मास्तर, पोरं आणू." गेलो. खाचरात तीन नवी पोरं आईबरोबर रोपं लावत होती, शाळेचं नाव कधी न काढलेली.

आई म्हणाली, "लावनी झाल्याबिगर नाय सोडायची."

गुरुजींनी धोतर खोचलं आणि सरळ चिखलात उतरले! एका हातानं रोप लावतायत आणि मोठ्यानं बे एके बे म्हणतायत. पोरं मागून म्हणतायत. मी बांधावर उभा, नवी वहाण हातात धरून.

तासाभरानं त्या बाईनं मागे वळून बघितलं आणि कपाळावर हात मारला. गुरुजींची ओळ पार शेजाऱ्याच्या शेतात चालली होती! "गुरुजी, पाया पडते तुमच्या! तिघांनाबी न्या, पन तुमी पयले बाहेर या!"

पट झाला चाळीस. त्या दिवशी गुरुजींनी आम्हाला भजी खाऊ घातली.

*

आणि तपासणीला आठ दिवस असताना चौथीतल्या एका मुलाच्या बापाला पुण्याला नोकरी लागली. कुटुंब गेलं. एकोणचाळीस!

मी म्हटलं, "गुरुजी, एक नाव घाला ठोकून. साहेबांना काय कळतंय?"

गुरुजी भडकले. "या पोरांसमोर मी खोटी हजेरी घेऊ? त्यापेक्षा कुलूप लावीन!"

गणू झाडू घेऊन उभा होता. गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले.

"गणू, तुला लिहिता येतं?"

"नाय."

"शिकायचंय?"

गणूनं झाडू खाली ठेवला. "शिकायचंय की गुरुजी. पन इतक्या वर्सांत कुनी इचारलंच नाय."

खरं सांगतो, मला मान वर करवेना.

मी कसाबसा म्हणालो, "पण वय?"

"नियमात वय कुठे लिहिलंय, दाखवा!"

गणू माझ्या पहिलीत येऊन बसला. पहिल्याच दिवशी शेजारी बसणाऱ्या चिमुरड्या तारूनं त्याला झापलं, "गणूकाका, पाटी थुंकीनं पुसायची नाही!" गणूनं कान पकडले.

*

तपासणीचे साहेब आले. सुटाबुटातले, गंभीर. एकेका डोक्यावर पेन्सिल रोखून मोजत निघाले. "अडतीस, एकोणचाळीस..." आणि मिशीपाशी थांबले.

"हे पालक का?"

"नाही साहेब," गुरुजी म्हणाले, "पहिली."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "नाव लिही."

गणूनं पाटी मांडीवर घेतली. घामानं निथळत होता. आख्खी पहिली मान लांब करून बघत होती. ग, मग णू. अक्षरं कलंडलेली, पण उभी राहिली! मोटवानीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात गणू चुळबुळ करायला लागला. करंगळी वर केली.

"जा," साहेब म्हणाले.

गणू बाहेर गेला. मधल्या सुट्टीचे टोल पडले. गणू परत आला आणि हाताची घडी घालून जागेवर बसला!

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे. "हा विद्यार्थी रोज असाच जातो?"

"हो साहेब," मी म्हणालो, "सुट्टीला आणि शाळा सुटताना."

साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. शेरेबुक ओढून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "पट चाळीस. शाळा चालू ठेवावी." मग पेन खिशात लावत म्हणाले, "पण दामले, हा चौथी पास होऊन गेला की पटाचं काय?"

गुरुजींचा हात टोपीतल्या कागदाकडे गेला.

गणू ताडकन उभा राहिला. "साहेब, काळजी करू नका. मी दर वर्साला नापास व्हईन!"